मोठ्या सरांच्या हातची नळी

माझ्या मानेत उजव्या बाजूला एक नळी आहे. पेन्सिलीपेक्षा जरा बारीक. आत मोठ्या शिरेतून थेट काळजाच्या दारापर्यंत गेलीय म्हणतात. मी काही आत जाऊन बघितलेलं नाही. बाहेर तिची दोन तोंडं लोंबतात, एकाला लाल टोपण, एकाला निळं. लालमधून रक्त मशीनमध्ये जातं, तिथे धुऊन निघतं आणि निळ्यातून परत येतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. किडन्यांनी राजीनामा दिला की हे असं करावं लागतं.

ही नळी कुणी घातली, यावरून आमच्या घरात अजून दोन तट आहेत. माझे मेहुणे म्हणतात, मी चालून आलेलं नशीब लाथाडलं. मी म्हणतो, मी जिवंत आहे ना? मग बास. आता तुम्हीच ऐका आणि ठरवा.

मी एकतीस वर्षं शहर बस चालवली. पाठ कामातून गेली, तिच्यासाठी गोळ्या खाल्ल्या, गोळ्यांनी किडन्या खाल्ल्या. तोंडही त्याच नोकरीत बिघडलं. दिवसभर कुणी ना कुणी बसच्या पुढ्यात आडवं येत असेल तर माणूस किती दिवस गोड बोलणार? घरात मात्र मी गरीब. घरात दादांचं चालतं.

दादा म्हणजे हिचे थोरले भाऊ. त्यांचा एकच धंदा, ओळख. साधी खिळ्यांची पुडी आणायची असली तरी दादा आधी दुकानदाराच्या ओळखीचा माणूस शोधतात. न्हाव्याकडे जायचं तर चिठ्ठी घेऊन जातात. एकदा मी त्यांना विचारलं, ‘दादा, रांगेत उभं राहिलं तर काय होतं?’ त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. आणि आमच्या घरातला प्रत्येक जण, माझ्यासकट, अडचण आली की पहिला फोन दादांना करतो. उगाच त्यांना एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

तर त्या दिवशी सकाळी मला उठताच येईना. पायांत जीव नव्हता, छातीत धडधड वेडीवाकडी. आदल्या दिवशी अशक्तपणा जावा म्हणून दादांनी आणलेली केळी मी अर्धा डझन हाणली होती. किडनीवाल्याला केळ्यातलं पोटॅशियम म्हणजे विष, हे मागून कळलं. हॉस्पिटलात रक्त तपासलं. एक तरुण डॉक्टरीण आली, बारीक अंगाची, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली झोप साचलेली. तिने हिला आणि मला सरळ सांगितलं, ‘काका, रक्तातलं पोटॅशियम सहा पूर्णांक नऊ झालंय. सातच्या वर गेलं तर हृदय कधीही थांबू शकतं. लगेच डायलिसिस करावं लागेल आणि त्यासाठी मानेच्या शिरेत मोठी नळी घालायला हवी. मी आत्ताच घालते.’

‘दुखेल?’ मी विचारलं.

‘भूल देताना टोचेल. मग नुसतं दाबल्यासारखं वाटेल. वीस मिनिटं लागतील.’

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून पक्कं सांगतो. ट्रे आला, त्यावर निळ्या कागदात गुंडाळलेली हत्यारं आली, शीर दाखवणारं छोटं मशीन ढकलत आलं. तिने हातमोजे घालायला घेतले. आणि तेवढ्यात दादा दारात.

‘थांबा!’ दादा म्हणाले. फोन अजून कानालाच होता. ‘कुणी हात लावू नका. मोठे सर स्वतः येतायत.’

मोठे सर म्हणजे त्या सगळ्या विभागाचे मुख्य. दादांच्या साडूच्या शेजाऱ्याचे ते वर्गमित्र. एवढी लांबची ओळख दादांनी पंधरा मिनिटांत आणि चार फोनांत गाठली होती.

डॉक्टरीण म्हणाली, ‘सरांना त्रास कशाला? हे आम्ही रोज करतो. काल मीच तीन घातल्या.’

‘म्हणूनच,’ दादा म्हणाले. ‘रोजचं काम आणि आमच्या माणसाचं काम यात फरक आहे की नाही?’

तिने माझ्याकडे बघितलं. आता खोटं कशाला बोलू? मलाही बरं वाटलं होतं. एकतीस वर्षं ज्याला कुणी ‘अहो’ म्हटलं नाही, त्याच्या मानेला विभागाचे मुख्य हात लावणार! मी म्हटलं, ‘येतायत तर येऊ देत. दहा मिनिटांनी काय होतंय?’

हातमोजे पुन्हा काढले गेले. ट्रेवर कापड टाकलं. तिने हाताच्या शिरेत दोन-तीन इंजेक्शनं दिली. ‘याने थोडा वेळ निभेल,’ ती म्हणाली. ‘थोडाच.’ मग फोन करायला बाहेर गेली.

मोठे सर मीटिंगमध्ये होते. मीटिंगनंतर पाहुणे होते. पाहुण्यांनंतर जेवण होतं. दर अर्ध्या तासाने दादा आत येऊन सांगायचे, ‘निघाले हं.’ बारा वाजता माझ्या बोटांना मुंग्या आल्या. साडेबाराला पुन्हा रक्त तपासलं, सात पूर्णांक एक. डॉक्टरीण दादांना म्हणाली, ‘आता मला थांबता येणार नाही,’ तर दादांनी तिलाच समजावलं, ‘बाई, एवढा मोठा माणूस जेवण अर्धं टाकून येतोय. आल्यावर त्यांनी बघितलं की काम उरकलंय, तर त्यांना काय वाटेल?’ तिने सरांना फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण ती ‘हो सर, हो सर, तयारी करून ठेवते सर’ म्हणाली आणि खाली मान घालून उभी राहिली.

ही माझ्या उशाशी बसून होती. माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, ‘दादाला सांगू का हो, राहू दे म्हणून?’

‘सांग.’

ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, भावाला ‘राहू दे’ म्हणायला तिला जमलेलं नाही. मला तरी कुठे जमलंय?

दीड वाजता मोठे सर आले. उंच, पांढरे केस, आवाज असा की ऐकूनच अर्धं दुखणं पळावं. मागे चार शिकाऊ पोरं, त्यांच्या मागे मोठ्या सिस्टर. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘घाबरायचं नाही. मी आहे.’ दादांचे डोळे भरून आले. खरंच सांगतो, माझेही आले.

मग घरच्यांना बाहेर काढलं. पलंगाचा पायथा उचलून माझं डोकं खाली केलं, मान डावीकडे वळवली, थंडगार औषधाने पुसली आणि तोंडावर हिरवं कापड टाकलं. त्या कापडाला मानेपुरतं एक भोक. आता मला दिसत काहीच नव्हतं. नाकापुढे हिरवा अंधार आणि वरून येणारे आवाज, एवढंच माझं जग.

‘सर, शीर बघायचं मशीन इथे ठेवलंय,’ डॉक्टरणीचा आवाज.

‘ते बाजूला घ्या. आमच्या वेळी कुठे होती मशीनं? बोटांना डोळे असले पाहिजेत.’ पोरं आदराने हसली.

भुलीची सुई टोचली. मग मोठी सुई. दाब आला. सरांचा आवाज आला, ‘हं.’ थोड्या वेळाने पुन्हा ‘हं.’ मग ‘शीर जरा विचित्र आहे यांची.’

‘हो सर,’ सगळे म्हणाले.

सुई बाहेर, सुई आत. एकदम गळ्यावर काहीतरी गरम पसरलं. ‘धमनी!’ सिस्टरांच्या तोंडून निघून गेलं आणि लगेच त्या म्हणाल्या, ‘सॉरी सर.’ कुणीतरी बोळा धरून माझी मान दाबली. सुई शिरेऐवजी धमनीत गेली की दहा मिनिटं दाबून ठेवायची असते म्हणे. त्या दहा मिनिटांत सरांनी पोरांना समजावून सांगितलं की असं का होतं. दोष बहुतेक माझ्या मानेचा होता.

‘सर, चहा सांगू?’ सिस्टर म्हणाल्या.

‘नको, नको.’

‘सर, ती मीटिंग चार वाजता आहे ना?’ डॉक्टरीण म्हणाली.

‘वेळ आहे अजून.’

‘सर, पंखा वाढवू?’

मला आधी वाटलं, यांना चहापंख्याचं काय पडलंय! मग ध्यानात आलं. त्या दोघी त्यांना दार उघडून देत होत्या, निघा म्हणून. आणि सरांना त्या दारातून बाहेर पडता येत नव्हतं. बाहेर आमचे दादा उभे, आत चार पोरं बघतायत, नुकतंच बोटांच्या डोळ्यांवर बोलून झालेलं. आता कुठल्या तोंडाने म्हणणार, की बाई, तू घाल? डॉक्टरीण तरी कशी म्हणणार? तिच्या परीक्षेच्या कागदावर यांची सही लागते. सिस्टरांच्या रजेवर यांचीच. सगळे एकमेकांचा मान राखत होते. फक्त मान माझी होती.

तिसऱ्यांदा सुई गेली आणि काही मिळालं नाही. आता सरांचा श्वास मला ऐकू यायला लागला. त्यांच्या हाताची थरथर माझ्या कानाच्या पाळीला कळत होती. कोपऱ्यातलं मशीन माझ्या काळजाचे ठोके मोजत होतं. इतका वेळ ते टुक टुक चाललं होतं, ते आता मध्येच एखादा ठोका गिळायला लागलं.

‘सर, ठोके…’ डॉक्टरीण म्हणाली.

‘दिसतंय मला. आपण आता डाव्या बाजूने बघू.’

मला भीती वाटली. अशी भीती मला जन्मात वाटली नव्हती, ब्रेक फेल झालेल्या बसमध्येही नाही. तेव्हा निदान स्टिअरिंग माझ्या हातात होतं. मनात आलं, मी मरेन आणि दादा बाहेर लोकांना सांगतील, ‘पण मोठे सर स्वतः आले होते हं.’ हीसुद्धा तेच सांगेल. माझ्या मरणाला केवढं वजन येईल! आणि मग माझं डोकं फिरलं.

‘ओ डॉक्टर!’ मी कापडाखालून ओरडलो. ‘बास झालं! लांब व्हा!’

मानेवरचा हात थबकला.

‘काय हात आहे का लोखंड? कसला जड हात तुमचा! मान आहे ती, पोतं नाही शिवायला! त्या पोरीला घालू द्या, नाहीतर हा मी उठलो आणि चाललो घरी. आणि जाताना व्हरांड्यात सगळ्यांना ओरडून सांगेन, की यांना शीर सापडत नाही!’

आणखीही बोललो. सगळं इथे सांगत नाही, पण बस डेपोत जी भाषा चालते तीच. एका पोराच्या हातून काहीतरी खाली पडलं.

माझी खात्री होती, आता हा माणूस मला तसाच टाकून जाणार. आणि कापडावरून सरांचा आवाज आला, घुमणारा, भारदस्त. ‘ठीक आहे. पेशंटची इच्छा महत्त्वाची. पेशंटच्या मर्जीविरुद्ध आपण कधीही काहीही करत नाही. लिहून घ्या रे पोरांनो, हे पुस्तकात नसतं.’ आणि हातमोजे ओढून काढल्याचे दोन आवाज आले, चटक, चटक. इतक्या घाईने मी तरी कुणाला हातमोजे काढताना ऐकलेलं नाही.

पावलं दाराबाहेर गेली. मग मशीनची चाकं वाजली. मानेवर गार जेलीसारखं काहीतरी लागलं. ‘काका, आता अजिबात बोलू नका,’ डॉक्टरीण म्हणाली. तिचा आवाज जरा हलत होता. रागाने की हसू दाबून, ते कापडाखालून कळलं नाही. एक टोचणी, मग आत काहीतरी सरकल्यासारखं, मग एक जोराचा दाब, इतका की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ‘झालं. आता दोन टाके.’

‘किती वेळ लागला?’

‘सात मिनिटं. म्हटलं ना, बोलू नका.’

अडीच वाजता मला डायलिसिसच्या मशीनला लावलं. संध्याकाळी पोटॅशियम पाचच्या आत आलं, पायांत जीव आला आणि मला भूक लागली. मी जगलो. ही माझ्या पायांना हात लावून बसली होती आणि रडत होती.

बाहेर मात्र वेगळंच रामायण झालं होतं. मोठ्या सरांनी दादांना एवढंच सांगितलं की पेशंट जरा चिडखोर आहेत, पण नळी उत्तम बसेल. दादांनी सिस्टरांकडून बाकीचं काढून घेतलं आणि माझ्या पलंगाशी आले ते लालबुंद होऊन.

‘तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत मला! साडूंना काय सांगू? त्यांच्या शेजाऱ्याला काय सांगू? देवासारखा माणूस जेवण टाकून आला, आणि तुम्ही त्याला पोतं शिवणारा म्हणालात?’

‘दादा, तीनदा चुकले ते.’

‘चुकले तर चुकले! मोठ्या माणसाच्या हातून चुकलं होतं, कुणाही सोम्यागोम्याच्या नव्हे!’

मी डोळे मिटून घेतले. दादा माझ्याशी त्या दिवसापासून बोलत नाहीत. हिच्याशी बोलतात, माझ्यासमोर, माझ्याबद्दल. ते गेल्यावर ही मला म्हणाली, ‘काय ती जीभ तुमची!’ आणि थोड्या वेळाने, माझी चादर नीट करता करता, ‘बरं केलंत.’

माझ्या फाइलवर पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलंय, ‘रुग्ण उद्धट. सहकार्य करत नाही.’ त्याचा फायदा असा की डायलिसिसला गेलं की मला खिडकीजवळचा पलंग मिळतो आणि सगळे माझ्याशी जपून बोलतात. तरी मनाला एक टोचणी होतीच. पोरांसमोर, सिस्टरांसमोर एका पिकल्या केसांच्या माणसाला मी वाटेल ते बोललो होतो. जीव वाचवायला बोललो, हे खरं. पण त्यातलं निम्मं बोललो असतो तरी जीव वाचला असता.

तीन आठवड्यांनी, दुपारी, मी मशीनला लागलेलो, ही शेजारी स्वेटर विणत बसलेली, आणि सगळ्या सिस्टर एकदम उठून उभ्या राहिल्या. मोठे सर. एकटेच. मागे पोरं नाहीत, कुणी नाही. सरळ माझ्याकडे आले. हिच्या हातातल्या सुया थांबल्या.

‘बाई, जरा बाहेर बसता का?’

ही माझ्याकडे बघत बघत गेली. सरांनी पडदा ओढला, स्टूल घेतलं आणि बसले. मी मशीनला बांधलेला, पळूनही जाता येत नव्हतं. मी आपला हात जोडायला गेलो. ‘सर, त्या दिवशी माझं जरा जास्तच…’

‘ते राहू द्या.’ त्यांनी माझ्या मानेवरची पट्टी वाकून बघितली. ‘छान बसलीय. सरळ आहे.’ मग पडद्याबाहेर कुणी आहे का, ते पडद्याखालून बघितलं.

‘माझी आई वरच्या मजल्यावर दाखल झालीय,’ ते म्हणाले. आवाज इतका बारीक की हा तोच माणूस का, असं मला वाटलं. ‘चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिच्याही किडन्या गेल्या. उद्या सकाळी मानेत नळी घालायचीय.’

‘अरे रे. त्या डॉक्टरीणबाईंना सांगा ना. त्यांचा हात…’

‘माहीत आहे मला तिचा हात. मीच शिकवलंय तिला.’ ते थांबले. ‘म्हणजे, तेव्हा येत होतं मला. घरातले सगळे म्हणतायत, तू असताना परकी पोरगी कशाला? बहिणी म्हणतायत, भाऊ म्हणतोय. आणि आई तर ऐकूनच घेत नाही. म्हणते, माझ्या लेकाशिवाय कुणालाही हात लावू देणार नाही. चाळीस वर्षं चार लोकांत सांगत आलीय ती, की माझ्या लेकासारखा हात जगात नाही.’

‘मग खरं काय ते तुम्हीच सांगा त्यांना.’

‘काल दोनदा सांगायला गेलो. दोनदा माझा हात धरून तिने त्याचा मुका घेतला.’ सरांनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते आणि त्यांच्याकडे बघत होते. मोठे, गोरे, स्वच्छ नखांचे हात. उजवा हलत होता, थोडासा. ‘माझ्याच हातून ती जाईल हो. मला झोप नाही तीन दिवस.’

इतके दिवस मी या माणसाला घाबरत होतो, आता मला त्यांचा हात धरावासा वाटला. पण माझ्या एका हाताला रक्तदाबाचा पट्टा आणि दुसरा त्यांच्यापासून लांब.

‘मी काय करू, सर?’

त्यांनी घसा साफ केला. ‘तुमचं इथलं चारला संपतं ना? मग वर या. खोली नंबर बारा. सगळे असतील तिथे. त्या दिवशी मला जे बोललात, ते जसंच्या तसं तिच्यासमोर बोला. हात जड आहे, शीर सापडत नाही, पोतं शिवतो, सगळं. मी मध्ये काही बोलणार नाही.’

‘आईंसमोर? सर, त्यांना केवढं लागेल!’

‘लागू द्या,’ मोठे सर म्हणाले. उठले, स्टूल जागेवर ठेवलं, पडद्याला हात घातला आणि तिथूनच मागे वळले. ‘आणि जरा मोठ्याने बोला. तिला कमी ऐकू येतं.’